वनस्पतींची भावकी: पाठ्यपुस्तकातले पाच गट आणि त्यांच्यामागची नाती

प्रश्न असा आहे: "वनस्पतींचे पाच गट शिकलो: थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा, अनावृत्तबीजी आणि आवृत्तबीजी. आता कुठे वाचतो की शैवालं खऱ्या अर्थानं वनस्पतीच नाहीत, कुठे वाचतो की द्विबीजपत्री हा गट मोडीत निघाला. मग बरोबर काय? आणि शैवालापासून मॉस, मॉसपासून नेचे, नेच्यांपासून सूचिपर्णी, त्यांच्यापासून फुलझाडं, अशीच उत्क्रांती झाली ना?"

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. नाही, अशी झाली नाही. आज जिवंत असलेलं कुठलंही मॉस कुठल्याही नेच्याचा पूर्वज नाही. ओल्या भिंतीवर मॉसचा हिरवा थर असतो आणि त्याच भिंतीच्या भेगेत नेचं उगवलेलं असतं. त्या दोघांच्या पूर्वजांना जमिनीवर येऊन सारखाच काळ झाला आहे. एक आजोबा आणि दुसरा नातू असं ते नातं नाही, दोघं चुलत भाऊ आहेत. अनेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवताना मला सर्वांत जास्त खोडावी लागलेली समजूत हीच, कारण पुस्तकातल्या प्रकरणांचा क्रमच शिडीसारखा असतो आणि मुलं तो क्रम वंशावळ म्हणून वाचतात.

तुमचे पाच गट जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आयख्लर यांच्या १८८३ सालच्या मांडणीतून आले. त्यांच्या थॅलोफायटात शैवालांबरोबर बुरशीही होती. मांडणीचा निकष बांधणीचा होता. शरीर मूळ, खोड, पान असं विभागलेलं आहे का, पाणी वाहून नेणारी ऊती आहे का, बी आहे का, बी फळात झाकलेलं आहे का. थोडक्यात, थॅलोफायटा म्हणजे मूळ-खोड-पान नसलेले, ब्रायोफायटा म्हणजे मॉसवर्गीय, टेरिडोफायटा म्हणजे नेचेवर्गीय, अनावृत्तबीजी म्हणजे सूचिपर्णींसारखी उघड्या बीची झाडं आणि आवृत्तबीजी म्हणजे फुलझाडं. शाळेत मुलांना इयत्तेप्रमाणे बसवतात, घराप्रमाणे नाही. एका घरातली दोन मुलं वेगवेगळ्या वर्गांत असतात आणि एका वर्गात चाळीस घरांची मुलं असतात. आयख्लर यांचे बरेचसे गट अशा इयत्ता होत्या. आजचं वर्गीकरण घर विचारतं. गट करायचा तर एका पूर्वजाची सगळी संतती घ्यायची, एकालाही वगळायचं नाही आणि बाहेरचा एकही आत घ्यायचा नाही. या एका नियमानं तुम्ही वाचलेल्या सगळ्या उलथापालथी झाल्या आहेत.

दिसणं किती फसवं असतं याचं एक उदाहरण तर आपल्या भाषेतच आहे. तीनधारी निवडुंग आणि फड्या निवडुंग, दोघांनाही आपण निवडुंग म्हणतो. मांसल हिरवं खोड, काटे, पानं नावापुरती. पण तीनधारी निवडुंगाचं खोड दुखावलं की पांढरा चीक येतो (तो डोळ्यात जाऊ देऊ नका, गंभीर इजा होते), फड्या निवडुंगाला तसा चीक नसतो. तीनधारी निवडुंग एरंडाच्या कुलातला. फड्या निवडुंग कॅक्टस कुलातला, ज्याच्या जवळजवळ सगळ्या जाती मूळच्या अमेरिका खंडांतल्या. त्याची जवळची भावकी घोळ, थोडी लांबची राजगिरा. रखरखीत जागी पाणी साठवायचं, पानांतून ते उडू द्यायचं नाही आणि चरणाऱ्या जनावरांना दूर ठेवायचं, ही अडचण दोन्ही वंशांपुढे आली आणि दोघांनी स्वतंत्रपणे तोच मार्ग काढला. सारखं संकट सारखं रूप घडवतं. म्हणून रूपावरून नातं ठरवायला गेलं की चूक होते.

कमळ आणि कुमुद हे याहून मोठं उदाहरण. दोन्ही पाण्यातली, दोन्हींची पानं गोल, दोन्हींची फुलं अनेक पाकळ्यांची. फार काळ दोन्ही एकाच कुलात होती. नीट पाहिलं तर कमळाचं पान पूर्ण गोल असतं, देठ मधोमध जोडलेला असतो आणि बरीचशी पानं पाण्याच्या वर उभी असतात. कुमुदाच्या पानाला काठापासून देठापर्यंत खाच असते आणि ते सहसा पाण्यावर पसरतं. कमळाचा परागकण पाहिला तर त्यावर तीन चिरा असतात, कुमुदाच्या परागकणाची रचना निराळी. डीएनएचा पुरावा आल्यावर सगळंच स्पष्ट झालं. कुमुदाची फांदी फुलझाडांच्या वंशवृक्षाच्या अगदी बुडाशी फुटते. कमळाचे जवळचे जिवंत नातेवाईक कोण, तर चिनारसारखे वृक्ष. म्हणजे कमळाचं गुलाबाशी नातं कुमुदापेक्षा जवळचं आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ कमळाच्या वाळवलेल्या नमुन्याकडे बघत बसलो होतो.

अशी आणखी उदाहरणं झटपट सांगतो. सुरूचं झाड सूचिपर्णी वाटतं, प्रत्यक्षात ते फुलझाड आहे. त्याच्या "सुया" म्हणजे बारीक हिरव्या डहाळ्या आणि खरी पानं त्यांच्या पेरांवर खवल्यांएवढी. सायकस ताडासारखा दिसतो, पण तो अनावृत्तबीजी. नेटम हाही अनावृत्तबीजी, पण त्याची पानं थेट आंबा-वडासारख्या झाडांसारखी, म्हणून एके काळी त्याला फुलझाडांचा सर्वांत जवळचा भाऊ मानत. जनुकांनी त्याला सूचिपर्णींच्या शेजारी नेऊन बसवलं.

आता द्विबीजपत्रींकडे, म्हणजे बीत दोन दलं असलेल्या फुलझाडांकडे (एकच दल असलेली ती एकबीजपत्री). १९९३ साली बीजधारी वनस्पतींच्या ४९९ जातींतल्या एकाच जनुकाची तुलना करणारा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते जनुक हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकराचं. हिरव्या वनस्पतीत ते असतंच आणि ते इतक्या सावकाश बदलतं की कोट्यवधी वर्षांपूर्वीची नातीही त्यात वाचता येतात. अशा कामांतून आवृत्तबीजींचं नवं वर्गीकरण १९९८ साली मांडलं गेलं. त्याची २०१६ सालची चौथी आवृत्ती ६४ गण आणि ४१६ कुलं मानते.

त्यात दिसलं ते असं. एकबीजपत्री हा खरोखरच एका पूर्वजाचा वंश आहे, तो टिकला. पण तो "द्विबीजपत्री" म्हणवणाऱ्या झाडांच्या मधूनच फुटलेला आहे. बुडाशी न्यू कॅलेडोनिया बेटावरचं अँबोरेला हे झुडूप, मग कुमुदाची फांदी, आणखी एक छोटी फांदी, मग सोनचाफा, सीताफळ, मिरी, दालचिनी यांचा वंश, एकबीजपत्री आणि उरलेले सगळे. या उरलेल्यांत फुलझाडांच्या जवळजवळ तीन चतुर्थांश जाती येतात आणि त्यांची मूळ खूण म्हणजे परागकणावरच्या तीन चिरा. त्यांना आता खरे द्विबीजपत्री म्हणतात. सोनचाफ्याच्या बीत दोन दलं असतात, पण परागकणावर चीर एकच. दोन बीजदलं ही फुलझाडांची जुनी, मूळची ठेवण आहे. ती ज्यांनी सोडली नाही त्या सगळ्यांना एका गटात घालणं म्हणजे एका घरातला धाकटा परगावी गेला म्हणून मागं राहिलेल्यांना वेगळं घराणं म्हणण्यासारखं आहे.

कुलांच्या पातळीवर तर मला हा बदल फार आवडतो. साग आता तुळशीच्या कुलात आहे. रुई कण्हेरीच्या कुलात गेली. सावर आणि जास्वंद एकाच कुलात आली. पाण्यावर तरंगणारी, एक मिलिमीटरपेक्षाही लहान वुल्फिया, म्हणजे जगातलं सर्वांत छोटं फुलझाड, अळूच्या कुलात बसते. आणि जगातलं सर्वांत मोठं फूल, मीटरभर व्यासापर्यंत वाढणारं रॅफ्लेशिया, कुठून आलं? या परजीवीला पान नाही, खोड नाही, तुलना करायला हातात काहीच नाही. २००७ साली जनुकांनी उत्तर दिलं की ते एरंडाच्या कुलाच्या पूर्वजांमधून निघालं, म्हणजे इवल्या फुलांच्या वंशातून.

शैवालांचं कोडं थोडं भाषेचंही आहे. आपण बोलताना ओल्या दगडावरच्या मॉसलाही शेवाळ म्हणतो आणि डबक्यातल्या हिरव्या तंतूंनाही. शास्त्रात शैवाल म्हणजे पाण्यातले, प्रकाशसंश्लेषण करणारे, साध्या बांधणीचे जीव. हे झालं राहणीमानाचं वर्णन, वंशाचं नव्हे. फार पूर्वी, शंभर कोटी वर्षांच्याही आधी, एका पेशीनं सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारा जीवाणू) गिळला आणि तो न पचता आत राहून हरितलवक झाला. त्या पेशीच्या वंशात लाल शैवालं, हिरवी शैवालं आणि जमिनीवरच्या सगळ्या वनस्पती येतात. समुद्रातलं केल्प हे तपकिरी शैवाल मात्र वेगळ्याच वंशातलं. त्याच्या पूर्वजांना हरितलवक मिळालं ते लाल शैवालाची अख्खी पेशी आत घेऊन, म्हणजे उसनं. म्हणून "शैवालं वनस्पती नाहीत" हे विधान केल्पबद्दल बरोबर आहे, स्पायरोगायरासारख्या हिरव्या शैवालाबद्दल दिशाभूल करणारं आहे. बुरशीचं तर सोपं आहे: तिची पेशीभित्तिका कायटिनची, साठवण ग्लायकोजेनची, आणि वंशानं ती प्राण्यांच्या बाजूची.

स्पायरोगायरावर जरा थांबतो. जमिनीवरच्या वनस्पतींचा पाण्यातला सर्वांत जवळचा नातेवाईक कोण, याचं उत्तर आम्ही विद्यार्थी असताना "कारा" (हेही एक हिरवं शैवाल) असं ठोकून देत असू, कारण काराला पेरं असतात, फांद्या असतात, ती छोट्या रोपासारखी दिसते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, शेकडो जनुकांच्या अभ्यासानं बोट दाखवलं ते स्पायरोगायराच्या गटाकडे. एका ओळीत लावलेल्या पेशींचा तो बिनफांद्यांचा धागा. इथंही दिसण्यानं फसवलंच. या वंशात बांधणी साधी होत गेली असावी, कारण उत्क्रांती नेहमी साध्याकडून गुंतागुंतीकडेच जाते असं नाही.

आता पाण्यातून जमिनीवर येण्याकडे, कारण वनस्पतींच्या विविधतेचा सगळा पसारा याच एका अडचणीभोवती मांडता येतो. वाळायचं नाही, आणि पाणी नसताना युग्मकांची, म्हणजे नर आणि मादी प्रजननपेशींची, भेट घडवायची.

त्यासाठी दोन पिढ्यांची गोष्ट समजून घ्यावी लागते. जमिनीवरच्या प्रत्येक वनस्पतीच्या आयुष्यात दोन शरीरं येतात. एक बीजाणू बनवतं, दुसरं युग्मकं. मॉसचा हिरवा गालिचा ही युग्मकं बनवणारी पिढी. त्यावर उभी राहणारी काडी आणि तिच्या टोकाची डबी ही दुसरी पिढी, जी पहिलीच्या अंगावर वाढते. नेच्यात उलट. आपण नेचं म्हणतो ती बीजाणूंची पिढी आणि युग्मकांची पिढी म्हणजे ओल्या मातीवरचं काही मिलिमीटरचं, बदामाच्या आकाराचं हिरवं पापुद्र्यासारखं स्वतंत्र रोप. मॉस, नेचे आणि सूचिपर्णी यांच्यात हा एकच नमुना आहे, हे १८५१ साली विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी दाखवलं. ते तेव्हा २७ वर्षांचे होते, वनस्पतिशास्त्र स्वतःच शिकलेले, आणि पोटापाण्यासाठी पुस्तकांच्या व्यवसायात. डार्विन यांचा जातींच्या उगमावरचा ग्रंथ यायला अजून आठ वर्षं होती. माझ्या मते वनस्पतिशास्त्रातला यापेक्षा मोठा शोध शोधून सापडणार नाही.

जमिनीवरच्या वनस्पतींचे सर्वांत जुने बीजाणू सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीची कुकसोनिया काही सेंटिमीटर उंच, दुभंगत जाणारी, पान नसलेली, टोकाला बीजाणूंची पिशवी. त्यानंतरचा खजिना स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळचा. विल्यम मॅकी या डॉक्टरांना १९१२ साली तिथला दगड सापडला. सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वी उष्ण झऱ्यांच्या सिलिकायुक्त पाण्यानं तिथली झाडं उभ्याउभ्या गोठवली. दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पेशी न पेशी दिसते, पेशींमधली बुरशीसुद्धा. जमिनीवरचं सुरुवातीचं वनस्पतिजीवन बुरशीच्या सोबतीनं चालू होतं याचा हा डोळ्यांनी पाहता येणारा पुरावा.

ऱ्हायनीची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढे कळली. तिथल्या काही झाडांच्या दोन्ही पिढ्या सापडल्या, आणि दोन्ही उभ्या वाढणाऱ्या, स्वतंत्र. म्हणजे मॉस आणि नेचे यांच्यापैकी कुणीही मूळ रूप जपलेलं नाही. एका बाजूला युग्मकांची पिढी वरचढ झाली: मॉस, लिव्हरवर्ट, हॉर्नवर्ट. अलीकडचे जनुकीय अभ्यास हे तिघं मिळून एकच वंश असल्याच्या बाजूनं आहेत, म्हणजे ब्रायोफायटा हा जुना गट पुन्हा उभा राहतो आहे. दुसऱ्या बाजूला बीजाणूंची पिढी उंच होत गेली, तिच्यात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आल्या, त्यांना ताठ करणारं लिग्निन आलं, मुळं आली. इथेच शिडीची कल्पना संपते.

नळ्या असलेल्या वंशाचा पहिला दुभंग मात्र टेरिडोफायटाच्या मधून जातो. एकीकडे लायकोपोडियम आणि सेलाजिनेला ही नेच्यांसारखीच बीजाणूंनी पसरणारी रोपं, दुसरीकडे नेचे आणि सगळे बीजधारी. त्यामुळे नेच्याचं आंब्याशी नातं सेलाजिनेलापेक्षा जवळचं ठरतं, म्हणून टेरिडोफायटा हा गट मोडला. लायकोपोडियमच्या त्याच फांदीवरचे तीस मीटरहून उंच वृक्ष कार्बोनिफेरस काळातल्या (सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या) दलदलींत उभे होते आणि त्या काळच्या दगडी कोळशाचा मोठा भाग त्यांच्यापासून बनला. आज त्या घराण्यात गुडघ्याएवढी रोपंच उरली आहेत.

नेच्यांची शुक्रपेशी पोहत जाते, त्यासाठी पाण्याचा निदान एक थेंब हवा. बीनं ही अट मोडली, सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी. युग्मकांची मादी पिढी बीजांडाच्या आत, आईच्या अंगावरच राहिली. नर पिढी काही पेशींची होऊन परागकणात बसली आणि वाऱ्यावर निघाली. पण जुनी सवय एका झटक्यात गेली नाही. १८९६ साली टोकियोमध्ये साकुगोरो हिरासे गिंको या अनावृत्तबीजी वृक्षाच्या बीजांडांचे काप पाहत होते आणि त्यांना आत पोहणारी शुक्रपेशी दिसली. परागकण वसंतात वाऱ्यानं येतो, बीजांडात महिनोन्‌महिने वाढतो आणि शेवटी शुक्रपेशी सोडतो, ती बीजांडातल्याच थेंबभर द्रवात पोहत अंडपेशीकडे जाते. त्याच वर्षी सेइइचिरो इकेनो यांना सायकसमध्येही तेच दिसलं. सायकसवर्गातल्या काहींच्या शुक्रपेशी इतक्या मोठ्या असतात की नुसत्या डोळ्यांनीही ठिपक्यासारख्या दिसाव्यात. समुद्र सोडून कोट्यवधी वर्षं झाली तरी हे वृक्ष त्याचा एक थेंब बीजांडात घेऊन उभे आहेत. सूचिपर्णी आणि फुलझाडांनी तोही सोडला. त्यांच्या परागकणातून निघणारी नलिका नर युग्मकाला थेट अंडपेशीपर्यंत पोचवते.

फुलझाडांचे निर्विवाद जीवाश्म १३ कोटी वर्षांच्या आसपासच्या खडकांपासून मिळतात आणि त्यानंतर ती झपाट्यानं पसरली. डार्विन यांनी १८७९ साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर यांना लिहिलेल्या पत्रात या वेगाबद्दलची आपली अस्वस्थता मांडली होती. आज फुलझाडांच्या सुमारे ३ लाख जाती माहीत आहेत. नेचे आणि लायकोपोडियमवर्गीय मिळून १२,००० च्या आसपास, मॉस आणि त्याची भावंडं सुमारे २०,०००, अनावृत्तबीजी जेमतेम हजाराच्या थोड्या वर. एकट्या ऑर्किड कुलात २८,००० च्या घरात जाती. एवढी विविधता कशानं? कीटकांशी जुळलेली फुलं, फळांमुळे दूर जाणारं बी, लवकर पूर्ण होणारं जीवनचक्र, आणि गुणसूत्रांचे संच दुप्पट होण्याची वनस्पतींना साधलेली किमया.

या शेवटच्या कारणानं नवी जाती माणसाच्या डोळ्यांदेखत तयार झालेली आहे. ट्रॅगोपोगॉन या रानफुलांच्या प्रजातीच्या (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) तीन युरोपीय जाती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या वायव्य भागात पोचल्या. तिथे त्यांचे संकर झाले. संकर बहुधा वांझ असतात, कारण गुणसूत्रांच्या जोड्या जुळत नाहीत. पण काहींमध्ये गुणसूत्रं १२ ची २४ झाली, प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि रोपं सुफळ झाली. मूळ जातींशी त्यांचा संकर सहज जमत नाही, म्हणजे त्या स्वतंत्र जाती झाल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ मेरियन ओनबी यांनी १९५० साली अशा दोन जातींची नोंद केली.

नावं बदलण्याचा राग विद्यार्थ्यांना येतो, तो मी समजू शकतो. बाभळीचं अकेशिया निलोटिका हे नाव पाठ केलेल्यांना आता व्हॅचेलिया निलोटिका लिहावं लागतं आणि खैराला सेनेगालिया कॅटेचू. झालं असं की अकेशिया ही प्रजाती एका पूर्वजाची नाही हे सिद्ध झालं, ती फोडणं भाग होतं. नियमानं जुनं नाव ज्या नमुन्याशी बांधलेलं असतं त्याच्या गटाकडे राहतं, आणि तो नमुना आपल्या बाभळीचा होता. पण ऑस्ट्रेलियातल्या सुमारे हजार जातींची नावं बदलावी लागली असती, म्हणून २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत नाव त्यांच्याकडे द्यायचं ठरलं, २०११ साली मेलबर्नमध्ये ते कायम झालं. यातला पहिला भाग विज्ञान आहे, दुसरा भाग सोय. दोन्ही एकत्र पाहू नका.

राहिलं तुम्ही काय लिहायचं ते. अभ्यासक्रमात पाच गट असतील तर उत्तरपत्रिकेत पाच गट लिहा. बांधणीची पातळी सांगायला ते अजून उपयोगी आहेत आणि त्यांची लक्षणं पाठ असलेला विद्यार्थी रोप हातात आल्यावर गडबडत नाही. जागा असेल तर पुढे एक वाक्य जोडा की यांतले थॅलोफायटा आणि टेरिडोफायटा, तसेच आवृत्तबीजींतले द्विबीजपत्री, हे एका पूर्वजाचे गट नाहीत. वंशवृक्ष काढायला सांगितला तर मॉसपासून नेच्याकडे बाण काढू नका, दोघांना एका फाट्यावरून फुटलेल्या दोन फांद्या म्हणून काढा. आणि रोपाच्या नोंदीवर जुनं नाव, नवं नाव, दोन्ही लिहा, म्हणजे जुन्या पुस्तकातली माहितीही तुमच्या हाताला लागेल.